‘शास्त्रज्ञांनी शोधून काढले’ असे छापण्याआधी: मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि वृत्तसंकेतस्थळे यांचे संपादक व वृत्तसंपादक

स. न. वि. वि.

आम्ही तीन वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसे आहोत. आमच्यातले काही भट्टीत नवे पदार्थ तयार करतात, काही न्यायालयाने पाठवलेल्या आरोपींची मानसिक तपासणी करतात, तर काही प्रयोगशाळेत पेशी वाढवतात. एरवी आमचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. पण आमच्या क्षेत्रांच्या बातम्या आपल्याकडे ज्या जागी घसरतात ती जागा एकच आहे, म्हणून हे पत्र एकत्र लिहीत आहोत. प्रयोगात मोजलेले असते एक आणि मथळ्यात येते भलतेच. हा फरक कधी संशोधकच करून ठेवतो, कधी विद्यापीठाचे प्रसिद्धिपत्रक, कधी परदेशी वृत्तसंस्था. तरी तो पकडण्याची शेवटची संधी आपल्या डेस्कवर असते.

विज्ञानाच्या बातम्या कमी करा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. प्रत्येक बातमीला दोन प्रश्न विचारले जावेत, एवढेच मागणे आहे. नेमके काय मोजले? आणि तेच मोजमाप दुसऱ्या एखाद्या साध्या कारणाने आले असते का? उत्तर कुठे शोधायचे, हे क्षेत्रागणिक बदलते. ते पुढे तपशीलवार देतो.

पदार्थविज्ञानापासून सुरुवात करू, कारण २०२३ च्या जुलै-ऑगस्टमधला एलके-९९ चा गोंधळ अजून अनेकांच्या लक्षात असेल. दक्षिण कोरियातल्या एका छोट्या केंद्राने २२ जुलैला अर्काइव्ह या, तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे निबंध ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टिपणे टाकली. दावा असा, की शिशाच्या अ‍ॅपेटाइटमध्ये थोडे तांबे घातले की तो पदार्थ नेहमीच्या दाबाला, थेट १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा आणि चुंबकावर तरंगणारा, राहतो. कृती कुणालाही जमेल अशी. शिशाचा ऑक्साइड आणि सल्फेट समप्रमाणात मिसळून ७२५ अंशांवर २४ तास भाजायचे, म्हणजे लॅनार्काइट मिळते. तांबे आणि फॉस्फरस निर्वात नळीत ५५० अंशांवर ४८ तास तापवायचे, म्हणजे कॉपर फॉस्फाइड मिळते. दोन्हींची एकत्र पूड करून क्वार्ट्‌झच्या निर्वात नळीत सीलबंद करायची आणि ९२५ अंशांवर ५ ते २० तास ठेवायची. जगभर भट्ट्या पेटल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही लगोलग नमुना तयार केला. तो ना चुंबकावर तरंगला, ना अतिवाहक निघाला.

घोटाळा कृतीतच होता. या रासायनिक क्रियेचा ताळा मांडून पाहिला, तर हव्या असलेल्या पदार्थासोबत तांबे आणि गंधक भरपूर उरते, आणि त्यातून कॉपर सल्फाइड तयार होते. कॉपर सल्फाइडची स्फटिकरचना १०४ अंश सेल्सिअसच्या सुमारास बदलते आणि त्यासरशी त्याचा विद्युतरोध झपकन पडतो. मूळ टिपणात रोध कोसळल्याचे जे तापमान दिले होते ते नेमके हेच. इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांच्या हे लक्षात आले, कारण कॉपर सल्फाइड त्यांच्या अभ्यासातले होते. बीजिंगच्या गटाने मुद्दाम दोन नमुने केले, एकात ५ टक्के कॉपर सल्फाइड, दुसऱ्यात ७० टक्के. पहिल्याचा रोध थंड होताना हळूहळू वाढत गेला, दुसऱ्याचा धाडकन पडला. मग स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने गंधक पूर्ण टाळून शुद्ध स्फटिक वाढवले. ते निघाले जांभळे, पारदर्शक आणि लाखो ओहम रोधाचे. म्हणजे अतिवाहक दूरच, चक्क विद्युतरोधक. तीन-साडेतीन आठवड्यांत विषय संपला. आपल्याकडे दाव्याची बातमी पहिल्या पानावर आली, खुलाशाची आली असेल तर आतल्या पानावर चार ओळींत.

पुढच्या वेळी असा दावा आला, की आलेखाचा उभा अक्ष पाहा. ‘शून्य’ रोध म्हणजे उपकरणाला मोजता न येण्याइतका कमी, आणि ती मर्यादा आलेखावर दिसली पाहिजे. शून्याची रेघ साध्या तांब्याच्या रोधकतेच्या खूप खाली नसेल, तर अतिवाहकतेचा पुरावाच नाही. दुसरे, मोजणी चार टोकांची असते: बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन टोकांमधला विद्युतदाब मोजायचा. नमुना भेगाळलेला किंवा मिश्र असेल तर प्रवाह आडवाटेने जातो. आतले टोक सुटले असेल तर दाब शून्यच दिसणार. त्यामुळे रोधाच्या जोडीला चुंबकीय मोजणी हवी, आणि तीही क्षेत्रात ठेवून थंड केलेल्या नमुन्याची. तिसरे, तरंगण्याच्या चित्रफिती. नमुन्याची एक कड चुंबकाला टेकलेली असेल, तर त्यात थोडासा लोहचुंबकी अंश असला तरी तसे दिसते. चांगल्या ग्राफाइटची पातळ चकती तर पूर्ण तरंगते, आणि ग्राफाइटला अतिवाहक कुणी म्हणत नाही.

आणखी एक सवय लावून घ्यावी: आलेखातले ठिपके नीट पाहायचे. जुलै २०१८ मध्ये बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतून सोने-चांदीच्या नॅनोकणांत २३६ केल्विनला, म्हणजे उणे ३७ अंशांना, अतिवाहकता दिसल्याचे टिपण आले. एमआयटीमधल्या ब्रायन स्किनर यांनी त्यातल्या दोन वेगळ्या चुंबकीय क्षेत्रांच्या मोजण्यांवर बोट ठेवले. दोन्हींतला गोंगाट, म्हणजे ठिपक्यांची ती वरखाली थरथर, सारखीच होती. गोंगाट यादृच्छिक असतो, तो दोनदा तसाच येत नाही. हे ओळखायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही, मोठा केलेला आलेख आणि दहा मिनिटे पुरतात. मोठ्या नियतकालिकात छापून आले म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या गटाचे खोलीच्या तापमानाच्या अतिवाहकतेवरचे दोन निबंध ‘नेचर’ने ऑक्टोबर २०२० आणि मार्च २०२३ मध्ये छापले, ते अनुक्रमे सप्टेंबर २०२२ आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतले गेले.

कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘२२ लाख नवे पदार्थ शोधले’ ही नोव्हेंबर २०२३ ची बातमीही याच जातीची. ते २२ लाख स्फटिक संगणकातले अंदाज होते, आणि त्यांतले सुमारे ३ लाख ८० हजार टिकाऊ असतील, असा तो दावा होता. ती बाटलीत भरलेल्या पदार्थांची यादी नव्हती. त्याच वेळी बर्कलीच्या स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ४१ नवे पदार्थ बनवल्याचे सांगितले. लंडन आणि प्रिन्स्टनच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचे क्ष-किरण आलेख तपासले, तेव्हा आलेखांशी जुळवणी ढोबळ आढळली. स्फटिकात दोन धातूंचे अणू एकाच जागी मिसळून बसू शकतात, हे यंत्राने धरलेच नव्हते. तशा मिश्र रूपात त्यांतले बरेच पदार्थ आधीच माहीत होते. थोडक्यात, ‘नवे’ म्हणजे कुणाला नवे, हे विचारायला हवे.

बॅटऱ्यांबद्दल एकच सांगतो, कारण ‘पाच मिनिटांत चार्ज’ दर महिन्याला येते. संशोधनातली चाचणी बहुधा २० मिलिमीटर व्यासाच्या नाणे-सेलमध्ये होते. त्यात सक्रिय पदार्थाचा थर पातळ, इलेक्ट्रोलाइट मुबलक आणि लिथियम गरजेपेक्षा जास्त असते. पातळ थर पटकन चार्ज होतोच. बाजारातल्या सेलमध्ये थर कित्येक पट जाड असतो आणि लिथियम मोजूनमापून घातलेले असते. अशा वेळी प्रत्येक फेरीला ९९.९ टक्के लिथियम परत येते असे कळले, तर खूश होऊ नका. १००० फेऱ्यांनंतर ०.९९९ चा हजारावा घात म्हणजे जेमतेम ३७ टक्के उरतात. ९९.९९ असेल तर ९० टक्के. दशांश चिन्हापुढच्या एका नवात बॅटरी टिकेल की नाही ते ठरते, आणि नेमका तोच आकडा बातमीतून गळतो.

आता मनाकडे वळतो. इथे जास्त वेळ घेणार आहोत, कारण पदार्थाच्या चुकीच्या बातमीने फार तर शेअर बाजारात कुणाचे पैसे जातात, इथे माणूस तुरुंगात जातो.

२००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या चाचणीचा निकालही विचारात घेऊन आरोपींना दोषी ठरवले. जगभर त्याची चर्चा झाली. त्या चाचणीचे संक्षिप्त नाव बीईओएस. पद्धत अशी: डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी घालतात, आरोपीने काहीच बोलायचे नसते, आणि त्याला प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवतात, ‘मी अमुक विकत घेतले’, ‘मी अमुक ठिकाणी गेलो’ अशी. मेंदूतील विद्युतलहरींवरून संगणक ठरवतो, की या वाक्यामागे प्रत्यक्ष अनुभव आहे की नुसती माहिती. इथे आमचे दोन प्रश्न लावून पाहा. मोजल्या त्या लहरी. ‘अनुभव’ हा त्यांचा लावलेला अर्थ. दुसरे साधे कारण शक्य आहे का? आरोपी चाचणीच्या खुर्चीत बसतो तोवर त्याने पोलिसांची गोष्ट चौकशीत अनेकदा ऐकलेली असते, वकिलाकडून ऐकलेली असते, वर्तमानपत्रात वाचलेली असते. ऐकलेली, भीतीने मनात घोळवलेली गोष्ट आणि जगलेली गोष्ट यांत यंत्र किती वेळा फसते? याचे उत्तर देणारी स्वतंत्र चाचणी हवी. म्हणजे तपासणाऱ्याला कोण दोषी हे माहीत नसावे आणि सत्य आधीच पक्के ठाऊक असलेली उदाहरणे पुरेशी असावीत. चुका होण्याचा तो दर जाहीर नसताना निकाल न्यायालयात गेला. त्याच वर्षी बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही तंत्रे अशास्त्रीय ठरवली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना जामीन दिला.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) आणि मेंदूची चाचणी या तिन्हींबद्दल स्पष्ट निर्णय दिला. संमतीशिवाय कुणावरही या चाचण्या लादता येणार नाहीत. संमतीने केल्या तरी त्यांचा निकाल स्वतःहून पुरावा ठरणार नाही, कारण त्या अवस्थेत माणसाचा स्वतःच्या उत्तरांवर जाणीवपूर्वक ताबा नसतो. संमतीने झालेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती सापडली, तर ती मात्र पुरावा कायद्याच्या तेव्हाच्या कलम २७ नुसार ग्राह्य धरता येईल. आज हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. पॉलिग्राफसाठी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत, म्हणजे वकील मिळावा आणि संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली जावी, असेही न्यायालयाने सांगितले. जून २०२५ मध्ये बिहारमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावले.

एवढे असूनही ‘नार्कोमध्ये आरोपीची कबुली’ हा मथळा काही जात नाही. नार्कोच्या चित्रफिती वाहिन्यांवर दाखवल्याही गेल्या आहेत. नार्कोत दिले जाणारे औषध म्हणजे थायोपेंटॉल, भूल देण्यासाठीचे बार्बिट्युरेट. त्याने माणूस गुंगतो, सैल बोलतो आणि समोरच्याच्या सूचनेला बळी पडतो. प्रश्नात जे पेरले ते उत्तरात उगवते. खरे बोलायला लावणारे औषध अस्तित्वात नाही. म्हणून अशा बातमीत किमान तीन गोष्टी असाव्यात: संमती कुणासमोर नोंदवली, चाचणीनंतर नवे काही हाती लागले का, आणि सांगितलेले विधान कायद्याने पुरावा नाही. तिसरी गोष्ट पहिल्या परिच्छेदात हवी. शेवटच्या ओळीपर्यंत कोण वाचतो?

दुसरा विषय धोक्याच्या भाकिताचा. ‘गुन्हेगार आधीच ओळखणारी चाचणी’ अशा बातम्या येतात आणि त्यांत अचूकता ८० टक्के, ९० टक्के असे आकडे असतात. समजा १००० माणसांत २० जण पुढे हिंसा करणार आहेत. चाचणी हिंसा करणाऱ्यांपैकी ८० टक्के ओळखते आणि न करणाऱ्यांपैकीही ८० टक्के बरोबर वगळते. २० पैकी १६ सापडले, ४ निसटले. उरलेल्या ९८० पैकी २० टक्के, म्हणजे १९६ निरपराध, ‘धोकादायक’ यादीत आले. यादीत एकूण २१२ जण आणि त्यांत खरे १६. म्हणजे यादीतल्या साधारण तेरा माणसांमागे एक. चाचणी तीच, अचूकता तीच, पण मथळा कुठला लावाल? ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ सीना फझेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतल्या सुमारे २५ हजार लोकांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. प्रचलित साधनांनी मध्यम किंवा जास्त धोक्याचे ठरवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनीच पुढे हिंसक गुन्हा केला. कमी धोक्याचे ठरवलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी केला नाही. अर्थ सरळ आहे. कुणाला सोडता येईल हे सांगायला ही साधने बरी, कुणाला डांबायचे हे ठरवायला लंगडी.

आणि ‘मनोरुग्णाने खून केला’ हा मथळा. स्वीडनमधल्या १९७३ ते २००६ च्या नोंदींवरचा फझेल यांच्याच गटाचा २००९ मधला अभ्यास घ्या. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत हिंसक गुन्ह्याची शिक्षा झालेले १३.२ टक्के, सर्वसाधारण लोकसंख्येत ५.३. इथवरच वाचले तर बातमी तयार. पण पुढे आहे, की ज्यांना सोबत दारू वा अमली पदार्थांचे व्यसन होते त्यांच्यात प्रमाण २७.६ टक्के, आणि व्यसन नसलेल्यांत ८.५. व्यसनी रुग्णांची तुलना त्यांच्याच निरोगी भावंडांशी केली, तेव्हा फरक बराच घटला. म्हणजे मोठा वाटा व्यसनाचा, शिवाय घरच्या परिस्थितीचा आणि अनुवंशाचा. तुलना कुणाशी केली, हे न सांगता दिलेला ‘दुप्पट-तिप्पट’ आकडा आम्ही तरी वाचत नाही.

कायद्याची एक गल्लत दर मोठ्या खटल्यात होते. आरोपीची मानसिक स्थिती दोन वेगळ्या वेळी तपासली जाते. खटला समजून घेऊन बचाव करण्याइतपत तो आज सक्षम आहे का, हा एक प्रश्न. नसेल तर खटला पुढे ढकलला जातो. गुन्ह्याच्या क्षणी आपण काय करतो आहोत किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे त्याला मनोविकृतीमुळे कळतच नव्हते का, हा दुसरा. त्याचे उत्तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे, पूर्वीचे भादंवि कलम ८४. आजार असणे आणि हे कलम लागू होणे यांत बरेच अंतर आहे. बहुतेक मनोरुग्णांना ते लागू होत नाही. शाबितीचा भार आरोपीवर असतो, पण तो शक्यतेच्या तराजूवर पार पडला तरी पुरे, संशयातीत सिद्ध करावे लागत नाही. आणि या कलमाखाली निर्दोष सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी चौकात फिरत नाही. त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा किंवा जामिनाची हमी देणाऱ्या नातलगाकडे सोपवण्याचा आदेश द्यावा लागतो. ‘वेड्याचे सोंग घेऊन सुटला’ असे लिहिणाऱ्याने हा आदेश एकदा वाचावा. शिवाय मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार, मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीविना माध्यमांना देता येत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या दारात कॅमेरे लावणाऱ्यांना ते माहीत असायला हवे.

राहिल्या पेशी. इथे बातमीचा कच्चा माल जवळपास नेहमी एकच असतो: बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी आणि त्यांवर ओतलेले काहीतरी. आपल्याकडे ते काहीतरी बहुधा हळद असते. मग हळदच घेऊ.

बशीतल्या प्रयोगांत कुरक्युमिन हा हळदीतला घटक साधारण १० ते ५० मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचे एकक) वापरतात. तैवानमध्ये रुग्णांना रोज ८ ग्रॅम शुद्ध कुरक्युमिन तोंडाने दिले, तेव्हा रक्तातले सर्वोच्च प्रमाण १.७७ मायक्रोमोलर मोजले गेले. हळदीच्या पुडीत कुरक्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल, आणि तरीही बशीतले प्रमाण गाठता येणार नाही. त्यात कुरक्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओ या द्रावकात घालून देतात. शेजारच्या बशीत तेवढाच नुसता डीएमएसओ घातला नसेल, तर मेल्या त्या पेशी कुणामुळे? सीरम नसलेल्या माध्यमात, शरीराच्या तापमानाला आणि सामूला, ९० टक्के कुरक्युमिन अर्ध्या तासात विघटित होते. म्हणजे २४ तासांनी दिसलेला परिणाम कुरक्युमिनचा की त्याच्या तुकड्यांचा, हेही मोकळेच. शिवाय ते स्वतः गडद पिवळे आणि चमकणारे. पेशी जिवंत आहेत की मेल्या, हे रंगाने वा चमकेने मोजणाऱ्या चाचण्यांत ते स्वतःच लुडबुड करते. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या सविस्तर आढाव्यात हे सगळे आहे. तोवर माणसांवर १२० हून अधिक चाचण्या होऊनही, एकाही दुहेरी-अंध (खरे औषध कुणाला मिळते हे रुग्ण वा डॉक्टर कुणालाच ठाऊक नसलेल्या), नियंत्रित चाचणीत कुरक्युमिन यशस्वी ठरले नव्हते. भाजीत हळद घाला, आमची हरकत नाही. रुग्णाने केमो सोडून हळद घेतली तर मात्र आहे.

पेशी नेमक्या कुठल्या, हा प्रश्न तर बातमीत कधीच नसतो. १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठीतून काढलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात, की एखादा थेंब दुसऱ्या बाटलीत गेला तरी काही आठवड्यांत ती बाटली हेलाची होते. १९६६ मध्येच जनुकशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी अनेक वेगवेगळ्या मानलेल्या सेल लाइन्स (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेले पेशींचे वाण) मुळात हेला असल्याचे दाखवले. केबी ही सेल लाइन तोंडाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. ती हेला आहे. हेप-२ स्वरयंत्राची म्हणून, तीही हेला. तंबाखूने तोंडाचे कर्करोग होणाऱ्या आपल्या देशात केबीवरचा निकाल ‘तोंडाच्या कर्करोगावर औषध’ म्हणून छापणे म्हणजे बाटलीवरचे लेबल वाचून आतले औषध ठरवणे. अशा चुकीच्या ओळखीच्या ५०० हून अधिक सेल लाइन्सची आंतरराष्ट्रीय यादी उपलब्ध आहे. ओळख पटवायला एसटीआर चाचणी करतात. डीएनएतल्या ठरावीक जागांची नोंदीशी तुलना करायची आणि ८० टक्के किंवा जास्त जुळले तर मूळ एक मानायचे. देशातली पेशींची राष्ट्रीय साठवण पुण्यातच आहे, गणेशखिंडच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. पेशी कुठून आणल्या आणि शेवटची एसटीआर कधी केली, हे निबंधाच्या ‘पद्धती’ या भागात लिहिलेले असते. नसेल तर बातमीदाराने विचारावे. उत्तर द्यायला संशोधकाला एक मिनिट पुरते.

मायकोप्लाझ्माचेही तसेच. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन चालत नाही. तो गाळणीच्या बारीक छिद्रांतून वाकून पलीकडे जातो, माध्यम गढूळ करत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. तो बशीत असला की पेशींची वाढ आणि अनेक जनुकांचे काम बदलते, आणि तो बदल औषधाच्या खात्यावर जमा होतो. २०१५ मध्ये सार्वजनिक साठ्यातली जनुकीय माहिती चाळली तेव्हा ११ टक्के प्रकल्पांत मायकोप्लाझ्माच्या खुणा सापडल्या. पीसीआरने तो काही तासांत कळतो.

आकड्यांत एक छुपी युक्ती असते. ‘३०० पेशींवर प्रयोग’ असे लिहिलेले असते, पण त्या पेशी तीनच बशांतल्या असतात. एका बशीत जे बिघडले ते तिच्यातल्या शंभरही पेशींत बिघडते, म्हणून खरी संख्या ३. आणि प्रथिनांच्या पट्ट्यांची छायाचित्रे: २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक यांनी २०,६२१ निबंध डोळ्यांनी तपासले, ३.८ टक्क्यांत चित्रे संशयास्पदरीत्या पुन्हा वापरलेली होती. त्यांतल्या निम्म्यांत तरी मुद्दाम फेरफार केल्याची चिन्हे होती. जपानच्या रिकेन संस्थेचे स्टॅप पेशींचे प्रकरण अशाच चित्रांवरून उसवत गेले. जानेवारी २०१४ मध्ये जगभर मथळे झळकले, की पेशी अर्धा तास सौम्य आम्लात ठेवल्या की मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांपासून इतर पेशी घडतात) बनतात. जुलैमध्ये निबंध मागे घेतले गेले. त्या पेशी दुसऱ्याच, भ्रूणापासूनच्या मूळ पेशी मिसळल्याने आलेल्या होत्या.

यावरून आमच्या मागण्या. प्रत्येक विज्ञानबातमीत निबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, द्या, आणि निबंध फक्त अर्काइव्हवरचा असेल तर ‘अद्याप तज्ज्ञांनी तपासलेला नाही’ असे पहिल्या दोन वाक्यांत लिहा. प्रयोग कशावर झाला ते मथळ्यात घ्या: बशीत, उंदरांत, १२ माणसांत, संगणकात. संशोधकाशिवाय त्याच क्षेत्रातल्या, त्या निबंधाशी संबंध नसलेल्या एका माणसाला फोन करा. राज्यातल्या विद्यापीठांत आणि संस्थांत मराठीत बोलणारी अशी माणसे भरपूर आहेत आणि त्यांतली बरीच जण फोन उचलतात. टक्केवारी दिली की कशाच्या किती, हे पूर्ण संख्येत द्या. आरोपीच्या मेंदूची वा मनाची कुठलीही चाचणी छापताना तिच्यात चुका होण्याचा जाहीर झालेला दर द्या, आणि दर जाहीर नसेल तर तसे स्पष्ट लिहा.

शेवटची मागणी जुन्या बातम्यांची. मागे घेतलेल्या निबंधांवरच्या बातम्या आपल्या संकेतस्थळांवर जशाच्या तशा पडून आहेत, आणि व्हॉट्सॲपवर फिरतात त्या त्याच. नवी दुरुस्ती वेगळ्या पानावर छापून उपयोग नाही. जुन्या दुव्यावर, मथळ्याच्या वर, तारखेसह एक ओळ हवी: अमुक निबंध अमुक महिन्यात मागे घेतला गेला, कारण अमुक. आणि तो दुवा पुढे पाठवला, की दिसणाऱ्या छोट्या चौकटीतही तीच ओळ आली पाहिजे. त्या पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी माहिती (मेटाडेटा) बदलली नाही तर ती चौकट जुनाच मथळा दाखवत राहते. हे काम तांत्रिक विभागाचे आहे, एका दुपारचे.

कळावे,

आपले,
पदार्थविज्ञान, न्यायवैद्यक मानसोपचार आणि पेशीजीवशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक